स्वयंपाकघर : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताज्या द्राक्षांचा केक केला. मैद्यात घोळवूनही सगळी द्राक्षं तळाशी बसली, खाली लगदा झाला. (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : मैद्यात घोळवणं बेदाण्यांना ठीक. ताज्या द्राक्षात पाचातले चार भाग पाणी. साल फुटली की रस सुटतो आणि त्या मैद्याची खळ होते. म्हणून आधी पाणी कमी करा. २५० ग्रॅम बिनबियांची द्राक्षं उभी चिरा, कापलेली बाजू वर ठेवून १८० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजा. कडा सुरकुतल्या की काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम घातलीत तर लोणी वितळून मिश्रण पातळ होईल, म्हणजे पुन्हा तळ गाठणं आलंच.

सात इंची डब्याला १५० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, लोणी आणि साखर १००-१०० ग्रॅम, २ अंडी, ३-४ मोठे चमचे दूध. दूध शेवटी, बेताने घाला. मिश्रण चमच्यावरून धार न लागता थबकन पडलं पाहिजे. निम्मं मिश्रण नुसतंच डब्यात पसरा, उरलेल्यात द्राक्षं कालवून वर घाला. १७० अंशांवर ४०-४५ मिनिटं. पहिली ३० मिनिटं दार उघडू नका.

काळी द्राक्षं घेतलीत आणि बेकिंग पावडरीऐवजी खायचा सोडा वापरलात, तर तो जपून. जास्त झाला की रसाभोवती निळसर-करडे डाग पडतात. डागांनी चव बिघडत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायला नको वाटतं.

प्रश्न : सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीचा जॅम पातळच राहिला. साखर निम्मी घातली होती. (पंचवटी)

उत्तर : तिथेच घोटाळा झाला. साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, तेव्हाच फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातलाच घटक, जाळं धरतं. स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी. अर्धा किलो फळाला किमान ३५० ग्रॅम साखर, एका मोठ्या लिंबाचा रस आणि एका अर्धवट पिकल्या पेरूचा गाळलेला गर घाला. पातेलं पसरट हवं, नाहीतर पाणी आटायला वेळ लागतो आणि फार उकळून पेक्टिनही मोडतं.

जॅम उतरवायचे पुस्तकांतले १०५ अंश समुद्रसपाटीचे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. जॅम १०३ ला उतरवा. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली की झाला.

पातळ झालेला फेकू नका. उरलेली साखर, पेरूचा गर आणि लिंबू घालून पुन्हा आटवा.

प्रश्न : द्राक्षांवरची पांढरी भुकटी औषधाची असते का? (सातपूर)

उत्तर : सगळ्या मण्यांवर सारखी, बोटाने पुसली जाणारी झाक द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. तरीही मिठाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवा, आणि केकसाठी असतील तर फडक्यावर नीट कोरडी करा.