बोलता बोलता मध्येच सगळं विसरलो तर?

चौतिशीतल्या एका अभियंत्याने पहिल्या भेटीत बसल्या बसल्या हाच प्रश्न विचारला. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) महिनाभरापूर्वी विभागाच्या बैठकीत तिसऱ्या स्लाइडवर तो अडकला होता. त्याच्या आठवणीप्रमाणे ‘निदान मिनिटभर’ नुसता उभा होता. आता २० मिनिटांचं मोठं सादरीकरण तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तयारी जोरात सुरू होती. ११ पानं शब्दन् शब्द लिहिलेली, त्यातली निम्मी पाठ.

दुखणं त्या पानांतच होतं. पाठ केलेला मजकूर साखळीसारखा चालतो, एका वाक्याचा शेवट पुढच्या वाक्याला ओढून आणतो. घाईत एखादा शब्द वेगळा पडला किंवा कोणी मध्येच काही विचारलं, की कडी निसटते. विषय पक्का माहीत असतो, पण तो कुठूनही उचलून सांगायचा सराव झालेला नसतो. त्यातच बोलणाऱ्याचं निम्मं लक्ष स्वतःवर असतं: आवाज कापतोय का, हात थरथरतोय का, लोकांच्या लक्षात आलं का? एका वेळी मनात फार थोडं मावतं. ती जागा या पहाऱ्यातच गेली, तर पुढचा मुद्दा सुचायचा कुठून?

आधी कापऱ्या आवाजाचा सोक्षमोक्ष लावला. विषय तोच ठेवून तीन-तीन मिनिटं दोनदा बोलायला सांगितलं आणि दोन्ही वेळा फोनवर चित्रीकरण केलं. पहिल्यांदा नेहमीसारखं: पेन घट्ट धरून, नजर स्लाइडवर, भरभर. दुसऱ्यांदा पेन खाली, नजर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, आणि एवढंच बघायचं की समोरच्याला मुद्दा कळतोय का. पाहण्याआधी अंदाज लिहून घेतला: घबराट १०० पैकी किती दिसेल? त्याने ९० लिहिले. मग अनोळखी माणसाचं बोलणं बघतो तसं, आवाज चालू ठेवून, फक्त जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच नोंदवत दोन्ही चित्रफिती पाहिल्या. पहिलीला त्याने स्वतःच ४५ दिले, दुसरीला ३०.

‘पेन सोडल्यावर हात जास्त हलतील असं वाटलं होतं,’ तो म्हणाला.

आतली धडधड बाहेर जशीच्या तशी दिसते, हा समज फार पक्का असतो. सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या अभ्यासात काही वक्त्यांना भाषणाआधी सांगितलं गेलं की, तुम्हाला वाटते तितकी तुमची घबराट लोकांना दिसत नाही. ज्यांना हे सांगितलं, त्यांची भाषणं अधिक चांगली झाली.

मग ती ११ पानं बाजूला ठेवली. याला त्याने बराच विरोध केला, आणि ते साहजिक होतं, कारण पानं हाच त्याचा आधार होता. २० मिनिटांपैकी बोलण्यासाठी १७ धरली, बाकीची थांबण्यासाठी आणि मध्येच येणाऱ्या प्रश्नांसाठी. पाच कार्डं केली. प्रत्येकावर वर एक प्रश्न (‘खर्च कुठे वाढला?’), खाली पाच-सहा शब्द आणि लागतील ते आकडे, हातभर अंतरावरून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात. पाठ करायची ती फक्त सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक. घबराट सहसा पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त असते, म्हणून तेवढा भाग तोंडात बसलेला हवा.

सराव उभं राहून आणि मोठ्याने. मनातल्या मनात वाचणं हा सराव नव्हे, कारण त्यात श्वास, जीभ, आवाज यांना काहीच काम पडत नाही. दर वेळी वेगळ्या कार्डापासून सुरुवात करायची. आणि दर सरावात एकदा मुद्दाम अडकायचं: तोंड बंद, एक घोट पाणी, कार्डाकडे नजर, ‘आतापर्यंत आपण खर्चाचं पाहिलं’ असं मागचं एक वाक्य, मग पुढचा प्रश्न. हे थांबणं त्याला असह्य लांब वाटायचं. रेकॉर्डिंगमध्ये मोजलं तर चार सेकंद.

दुसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी बिघडल्या. कार्डांवर हळूहळू पूर्ण वाक्यं आली, अक्षर बारीक झालं. ती कार्डं नव्याने लिहावी लागली. आणि तीन सहकाऱ्यांसमोरच्या तालमीत छाती धडधडायला लागल्यावर तो सातव्या मिनिटाला ‘बाकीचं नंतर’ म्हणून थांबला. भीती ऐन भरात असताना माणूस निघून गेला, की मन एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. पुढची तालीम त्यामुळे जास्तच जड जाते. दुसऱ्या दिवशी त्याच तिघांसमोर पूर्ण १७ मिनिटं करायची असं ठरलं, कशी का होईनात. दहाव्या मिनिटानंतर धडधड ओसरायला लागली.

श्वासाबद्दल एक चूक नेहमी दिसते. बोलण्याआधी लोक भराभर खोल श्वास घेतात आणि त्यानेच डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, सावकाश दोन-तीन मिनिटं, एवढं पुरतं. कोणाकडून ऐकून धडधड कमी करणाऱ्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध दमा असलेल्यांना धोक्याचं ठरू शकतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली, तिच्यापायी बढती, परीक्षा, चारचौघांत स्वतःची साधी ओळख करून देणंही टाळलं जात असेल, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. यावर चांगले उपचार आहेत.

सादरीकरणात तो चौथ्या कार्डावर अडकलाच. पाणी प्यायला, कार्ड पाहिलं, मागचं वाक्य म्हटलं आणि पुढे गेला. नंतर ऐकणाऱ्यांपैकी तिघांना विचारलं, तर एकालाही ते थांबणं आठवत नव्हतं. आकड्यांबद्दलच्या एका प्रश्नाला त्याने ‘हा आकडा आत्ता हाताशी नाही, उद्या दुपारपर्यंत पाठवतो’ असं सरळ सांगितलं. वेग मात्र अजून जास्त आहे, १७ मिनिटांचं १४तच संपलं. पुढच्या भेटीसाठी तो कार्डांवर लाल शाईने थांबण्याच्या जागा आखून आणणार आहे.