मामांचं कोटेशन

चिटणीसबाई, सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गणपतीच्या मंडपासाठी मामांचंही कोटेशन येणार आहे, ते भाव वाजवी लावतात, काम चोख करतात, मग मी बाजूला कशाला व्हायचं, असं तुझं म्हणणं. मामांच्या कामाबद्दल वादच नाही. पण वर्गणी देणाऱ्याला एवढंच दिसतं, की चिटणीस भाची आणि मंडपवाले मामा.

आधी सोपं ते सांगतो. बैठकीत मंडपाचा विषय निघाला की सांगून टाक, "यातलं एक कोटेशन माझ्या सख्ख्या मामांचं असणार आहे. मी मत देणार नाही, चर्चेलाही बसणार नाही." आणि खरंच बाहेर जा. कोपऱ्यात मोबाईल बघत बसलीस तरी लोक तुझ्या तोंडाकडे बघून बोलतील. इतिवृत्ताची वही तेवढ्यापुरती सहचिटणिसाकडे दे आणि तू नातं सांगून बाहेर गेलीस, हे त्यात लिहायला लाव. "सगळ्यांना माहीतच आहे" यावर विसंबू नकोस. सार्वजनिक उत्सवाची वर्गणी काढायला आपल्यासारख्या नोंदणी नसलेल्या मंडळाला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, नंतर हिशेबही द्यावा लागतो. त्या हिशेबात बिलाचा आकडा दिसेल, कोण कोणाचं लागतं ते दिसणार नाही. ते सापडलं तर वहीतच सापडेल.

मत न देणं सोपं असतं गं. अवघड असतं ते माहिती न देणं. मामा जेवताना सहज विचारतील, "बाकीच्यांचा काय भाव आलाय?" त्यांच्या मनात पाप नसेल, धंदेवाला माणूस विचारणारच. तू आकडा नाही सांगितलास, नुसतं "जरा कमी करा की" म्हणालीस, तरी झालं! म्हणून पाकिटं तुझ्या घरी नकोतच. बंद पाकिटं खजिनदारांकडे जाऊ देत, वर तारीख घालून, आणि सगळी एकदम चारचौघांत फोडू देत. कामाची यादीही तू करू नकोस. मंडप किती बाय किती, वर पत्रा की ताडपत्री, स्टेजची उंची, जनरेटर कोणाचा, काढणी कधी, या यादीतच एखादी अट अशी घुसते की ती एकाच मंडपवाल्याला जमावी. मग कोटेशनं तीन मागवा नाहीतर तेरा.

मामांशी तू स्वतः बोल, आणि कोटेशन देण्याआधी. आईमार्फत निरोप नको. तो "भाची आता मोठी झाली" असा होऊन पोचेल. सरळ म्हण, "मामा, कोटेशन जरूर द्या, पण त्यातलं मला काही विचारू नका. बिलाचंही खजिनदारांशीच बोला." रुसतील दोन दिवस. रुसू देत. मात्र स्वतःच्या अब्रूपायी त्यांना परस्पर "तुम्ही देऊच नका" असंही सांगू नकोस. पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना काम नाही, असा नियम मंडळाला करायचा असेल तर मंडळ करेल. तो एकटीने ठरवण्याचा अधिकार तुला नाही.

लोकांचं सगळं लक्ष निवडीवर असतं. घोळ पुढेच होतो. समज, काम मामांना मिळालं आणि पहिल्याच पावसात नेमका मूर्तीच्या डोक्यावर पत्रा गळायला लागला. त्यांना खडसावणारा फोन कोण करणार? बिलात "जादा काम" म्हणून चार ओळी आल्या तर त्यातली कोणती खरी आणि कोणती उगाच, हे कोण बघणार? तू कापलेस तर घरात महाभारत, नाही कापलेस तर मंडळात. तेव्हा अॅडव्हान्स, देखरेख, बिलाची मंजुरी, यातल्या कशालाच हात लावू नकोस. चेकवर तुझी सही लागत असेल, तर त्या एका कामापुरती दुसऱ्याला अधिकार देण्याचा ठराव आत्ताच करून घ्या. ऐन विसर्जनाच्या गडबडीत कोणाला सुचत नाही.

अध्यक्षांना आजच फोन कर. मंडपाचा विषय विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी घ्यायला सांग, म्हणजे तुला मधेच उठून जावं लागणार नाही, सरळ घरी जाता येईल.

तुझा,
काका