‘द इकॉनॉमिस्ट’ नक्की कुणाच्या बाजूचं आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परीक्षेच्या क्लासचे सर म्हणतात लंडनचं ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक तटस्थ आहे, डोळे झाकून वाचा. मित्र म्हणतो ते भांडवलदारांचं मुखपत्र. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांच्या मते ते डावं आणि भारतद्वेष्टं. खरं कोण बोलतंय?

सर चुकताहेत. बाकीचे दोघे अर्धे-अर्धे बरोबर आहेत.

तटस्थ असल्याचा आव या साप्ताहिकाने कधी आणलेला नाही. १८४३ मध्ये जेम्स विल्सन नावाच्या, टोप्यांच्या धंद्यातल्या स्कॉटिश माणसाने ते काढलं, तेच एका मोहिमेसाठी: परदेशी धान्यावरची जकात उठवा. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने त्या जकातीचा कायदा मोडीत काढला, साप्ताहिक मात्र चालू राहिलं. पुढे हाच विल्सन अर्थखातं सांभाळायला कलकत्त्याला आला, १८६० मध्ये त्याने भारतावर पहिला प्राप्तिकर बसवला आणि त्याच वर्षी तिथेच वारला. जकातीविरुद्ध पेपर काढणारा माणूस आपल्या गळ्यात प्राप्तिकर बांधून गेला, याची मला दर जुलैत रिटर्न भरताना आठवण होते.

तेव्हापासून फूटपट्टी साधारण एकच आहे: व्यापार खुला हवा, सरकारचा हात आखडता हवा आणि माणसाच्या खासगी आयुष्यात कुणी नाक खुपसू नये. ती धरली की बाकीचा गोंधळ सुटतो. अमेरिकेत २००० मध्ये त्यांनी उजव्या बुशना पाठिंबा दिला, २००८ मध्ये डावीकडे झुकणाऱ्या ओबामांना. समलिंगी विवाहाची बाजू त्यांनी १९९६ मध्येच मुखपृष्ठावर घेतली होती. २०१४ च्या निवडणुकीत मोदींच्या आर्थिक कारभाराचं श्रेय मान्य करूनही धार्मिक तेढीच्या मुद्द्यावर त्यांना मत देऊ नका असं लिहिलं. म्हणून मित्राला ते उजवं दिसतं, काकांना डावं. खरं तर आपल्याला हे कोडं पडायला नको. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांना शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी खुल्या बाजाराचंच अर्थकारण शिकवलं. ते डावं की उजवं, सांगा बरं?

उघड बाजू घेणाऱ्या पेपरची मला भीती वाटत नाही. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, तेव्हा ‘केसरी’ कुठे उभा आहे आणि ‘सुधारक’ कुठे, हे वाचकाला पक्कं ठाऊक होतं. अग्रलेखातलं मत ओळखायला अक्कल लागत नाही, ते सांगून-सवरून येतं. सावध राहायचं असतं ते बातमीतल्या साध्या शब्दांपासून. सरकारी कंपनी विकली, कामगार कायदे सैल केले, की ती ‘सुधारणा’. अनुदान वाढवलं की तो ‘लोकानुनय’. सुधारणा म्हटल्यावर तिला विरोध करणारा आपोआप मागासलेला ठरतो, वाद घालायची गरजच उरत नाही. मी असे शब्द पेन्सिलीने खोडतो आणि काय घडलं तेवढंच लिहितो: ‘कंपनी विकली’. मग वाक्य पुन्हा वाचतो. बऱ्याचदा त्यातला निम्मा जोर निघून जातो.

दुसरी गोष्ट सूर. तिथे लेखाखाली लेखकाचं नाव नसतं. त्यामुळे पंचविशीतल्या बातमीदाराने लिहिलेलंही आकाशवाणीसारखं ऐकू येतं. मार्च १९९९ मध्ये, खनिज तेल पिंपाला दहा डॉलरच्या आसपास असताना, ते पाचावर जाऊ शकतं अशी मुखपृष्ठकथा त्यांनी केली. वर्ष सरता सरता भाव पंचवीसच्या घरात होता. चूक त्यांनी डिसेंबरात छापून कबूल केली, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. पण १८४० च्या दशकात, आयर्लंडच्या दुष्काळात लाखो माणसं मरत असतानाही याच साप्ताहिकाने सरकारी मदतीला विरोध केला होता. बाजारावरची श्रद्धा किती महाग पडू शकते, ते तिथे दिसलं.

मालकीचं विचाराल तर २०१५ पासून सर्वात मोठा वाटा इटलीच्या आग्नेल्ली घराण्याच्या ‘एक्सोर’कडे आहे, सुमारे ४३ टक्के. पण त्यांच्या मतदानाच्या हक्काला मर्यादा आहे आणि संपादकाची नेमणूक विश्वस्तांच्या संमतीशिवाय होत नाही. मला तिथे फारसं काळंबेरं दिसत नाही.

परीक्षेसाठी एवढं करा: एकच विषय घ्या आणि त्यावर मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ही वाचा. त्याचा कल डावीकडे आहे. दोघांचे आकडे जुळले आणि विशेषणं तेवढी वेगळी निघाली, तर आकडे उचला.

आणि जमलं तर तो विषय स्वतः जगणाऱ्या माणसाला विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा मी निफाडच्या मामांना सांगितलं की हे लंडनवाले निर्यातबंदीच्या विरोधात असतात. मामा खूश. “शहाणी माणसं आहेत,” म्हणाले. मग मी म्हटलं, त्याच न्यायाने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरही कर नको. मामांचं सोयाबीन तेव्हा घरातच पडून होतं. “मग त्यांना शेतीतलं काय कळतंय रे?”