सवलत नेमकी कशाची?

“सवलतीत घेतलेला कपडा खराब निघाला, पण परत करायला जायची लाज वाटते,” हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. समुपदेशनाला येण्याचे ते कारण कधीच नसते. माणूस झोपेची, कामाच्या ताणाची किंवा घरातल्या कुरबुरींची तक्रार घेऊन येतो आणि बोलता बोलता, काहीसे ओशाळून, कपाटात पडून राहिलेल्या एखाद्या पिशवीचा उल्लेख करतो. मी अशा वेळी मूळ विषय थोडा बाजूला ठेवते आणि त्या पिशवीपाशी थांबते, कारण आपण मनातल्या मनात स्वतःला कोणत्या भावाने मोजतो हे तिथे फार स्वच्छ दिसते.

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एका शिक्षिकेची हकिकत सांगते. वरिष्ठ एकामागून एक जादा कामे सोपवत आणि त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे, ही त्यांची मूळ अडचण होती. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “मॅडम, मी साधे एक जॅकेट परत करू शकत नाही, तिथे वरिष्ठांना काय सांगणार?” जॅकेट अर्ध्या किमतीत घेतले होते. दोष असलेले कपडे वेगळे टांगतात त्या रांगेतले ते होते आणि घरी आल्यावर पाहतात तर काखेतली शिवण अस्तराच्या आत बोटभर उसवलेली. या गोष्टीला तीन आठवडे झाले होते आणि पावतीवर छापलेली मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

“दुकानात गेलात तर काय होईल?” मी विचारले.

“म्हणतील, अर्ध्या किमतीत घ्यायचे आणि वर तक्रारही करायची! रांगेतली सगळी माणसे बघतील. मी चिकट आहे असेच सगळ्यांना वाटेल. आणि खरे तर, स्वस्तात घेतल्यावर मला बोलायचा हक्कच नाही.”

या उत्तरातला ‘च’ माझ्या कानाला लगेच टोचतो, कारण माझी बैठक विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे. 1955 च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत मांडली तेव्हा त्यांचा सगळा रोख माणसाच्या मनातल्या हट्टी आग्रहांवर होता : लोकांनी मला चांगलेच म्हटले पाहिजे, माझी चूक होताच कामा नये. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, त्यामुळे मराठी समुपदेशकाचे काम मला काहीसे सोपे वाटते. माणूस कुठे अडला आहे हे शोधायचे असेल तर त्याच्या वाक्यांतले ‘च’ मोजत जावे.

रांगेतल्या माणसांची भीती लवकर सुटली. मी त्यांना 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या जणांच्या ते लक्षात आले असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनाच ते चित्र कोणाचे हे सांगता आले. आपल्या अंगावरच्या कपड्याबाबत आपला अंदाज इतका चुकतो, तर हातातल्या पिशवीबाबत काय सांगावे? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मीही रांगेत असते तेव्हा पुढच्या बाईकडे कुठे बघते?”

पण हक्काचा मुद्दा तसाच राहिला. तो वाद घालून सुटत नाही, हे मला माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या अनेक फसलेल्या प्रयत्नांनी शिकवले आहे. म्हणून पुढच्या भेटीला मी त्यांना जॅकेटला लावलेली चिठ्ठी आणायला सांगितली. त्यांनी पर्समधून पिवळट कागदाचा तो तुकडा काढला. त्यावर निळ्या शाईत दोनच शब्द होते.

“मोठ्याने वाचा.”

“खिशावर डाग.”

“मग सवलत कशाची मिळाली?”

“डागाची.”

“आणि उसवलेल्या शिवणीची?”

त्या बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिल्या. ती उलटून मागची कोरी बाजूही त्यांनी पाहिली. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणे हीच खरी मदत असते, असे माझे ठाम मत आहे. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या, “वही उशिरा दिली की मी मुलांचे दोन गुण कापते. पण त्याच मुलाची बेरीज माझ्याकडून चुकली आणि तो दाखवायला आला, तर ‘तू उशिरा दिली होतीस, आता बोलू नकोस’ असे मी त्याला कधीच म्हणत नाही. उशिराचे गुण उशिराचे. बेरीज चुकली ती माझी.”

“आणि दुकानातल्या काउंटरपुढे उभ्या असलेल्या बाईला?”

“तिला मात्र मी परत पाठवते आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

इतक्या वर्षांत मला जे काही उमगले आहे त्यातला मोठा भाग या उत्तरात आहे. न्यायबुद्धी बहुतेक माणसांकडे असते, ती शिकवावी लागत नाही. त्या न्यायाच्या कक्षेत स्वतःला बसवायचे तेवढे राहून गेलेले असते. सवलत म्हणजे सांगून दिलेल्या दोषाची वजावट असते, उरलेल्या वस्तूबाबत मौन पाळण्याचा तो मोबदला नसतो. अनेक देशांच्या ग्राहक कायद्यांतही हाच विचार आहे : विकताना दाखवून दिलेल्या किंवा नीट पाहिल्यावर सहज दिसणाऱ्या दोषाबद्दल नंतर तक्रार करता येत नाही, पण लपून राहिलेल्या वेगळ्या दोषाबद्दलचा हक्क केवळ किंमत कमी होती म्हणून जात नाही.

हीच कसोटी उलटही लागू होते, हे सांगणे मी माझे कर्तव्य समजते. समारंभात घालून मिरवलेला सदरा लेबल पुन्हा अडकवून परत करण्यासाठी धैर्य मागायला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याला मी स्पष्टपणे सांगितले की वाटते आहे ती लाज योग्य जागी आहे. दोष नसताना केवळ मन बदलले, म्हणून दुकान कपडा परत घेत असेल तर ती बहुतेक ठिकाणी त्या दुकानाची सोय असते आणि ती त्याच्या अटींवरच मागावी.

जायचे ठरल्यावर तयारी थोडीच लागते, पण ती करावी. कपडा धुऊ नये, दुरुस्त करू नये, लेबल आणि चिठ्ठी काढू नये. पावती सोबत घ्यावी आणि गर्दी नसलेली वेळ निवडावी. विकताना काय सांगितले होते, घरी काय आढळले आणि आपल्याला काय हवे आहे, म्हणजे पैसे, बदली की दुरुस्ती, ही तीन वाक्ये आधी लिहून काढून मोठ्याने म्हणून पाहावीत. सुरुवात क्षमेने करू नये. “स्वस्तात घेतले आहे हे मला माहीत आहे, पण…” या शब्दांनी आपण आपलीच बाजू आधी खाली ठेवतो. नकार मिळाला तर आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणावे आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीला भेटण्याची विनंती करावी. काउंटरवरची व्यक्ती नियम बनवत नाही, तिच्याशी सौजन्याने वागावे. परतावा मिळाला की नाही यावर स्वतःला गुण देऊ नयेत. वाक्य पूर्ण म्हटले की आपला भाग पूर्ण झाला.

मुदत संपायला दोन दिवस असताना त्या गेल्या. काउंटरवरची मुलगी सवयीने म्हणाली, “सवलतीचा माल परत घेत नाही.” यांनी चिठ्ठी समोर ठेवली, जॅकेट उलटे केले, उसवलेल्या जागेत बोट घालून दाखवले आणि ठरलेले वाक्य म्हटले. मुलीने वरिष्ठांना बोलावले. त्यांनी चिठ्ठी वाचली, पावती मागितली आणि पैसे परत हवेत की शिवून देऊ, एवढेच विचारले. आपल्या चेहऱ्याकडे कोणी नीट पाहिलेदेखील नाही, असे मला सांगताना शिक्षिकेच्या आवाजात आश्चर्य होते.

पुढच्या भेटीला त्या तेच जॅकेट घालून आल्या. बाही वर करून त्यांनी मला काखेतले टाके दाखवले. दोरा मूळ रंगापेक्षा किंचित गडद होता, पण शिवण पक्की होती. खिशावरचा डाग तसाच होता.

“तो माझा,” त्या म्हणाल्या. “त्याची सवलत मी घेतली आहे.”

मग त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. वरिष्ठांना द्यायच्या पत्राचा तो मसुदा होता, आणि त्याच्या पहिल्या ओळीत क्षमा मागितलेली नव्हती.