‘अ+’ बटण आहे, तरी वेळापत्रक वाचता येत नाही

ऐरोलीहून विचारलंय की विद्यापीठाच्या साइटवर ठेकेदाराने ‘अ+’ आणि रंग बदलायचं विजेट बसवलं, तरी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध मुलांना परीक्षेचं वेळापत्रक वाचता येत नाही. विजेट विसरा. त्या मुलांकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतो. दोष मजकुरात आहे.

पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळ निवडताच आली नाही, तर तो सही-शिक्क्याचा स्कॅन आहे, नुसतं चित्र. रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप झालाय. डोळ्यांना ‘परीक्षा’ दिसते, पण फाइलमध्ये साठलेली असतात रोमन अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. मराठी परिपत्रकांचं मुख्य दुखणं हेच.

मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे फाइलमध्ये खरी देवनागरी अक्षरंच साठतात त्या पद्धतीत) बदलून घ्या आणि माणसाकडून तपासून घ्या. रूपांतरात रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. युनिकोड मराठीची पीडीएफही कधीकधी कॉपी करताना तुटते, म्हणून वेळापत्रक थेट वेबपानावरच टाका. खरा तक्ता करा, तारीख-वेळ-विषय हे मथळ्याचे रकाने म्हणून नोंदवा, म्हणजे प्रत्येक घरासोबत मथळा ऐकू येतो. सहीचा स्कॅन हवा तर खाली जोडा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवलेली आहे ना, तेही बघा. बहुतेक टेम्प्लेटांत ती इंग्रजीच राहते आणि मग इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करत बसतो.

आता फॉर्म. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर (टॅब, स्पेस, बाण, एंटर) शुल्क भरून बघा. आपण कुठल्या रकान्यात आहोत ते दिसलं पाहिजे. रकान्याच्या आतला फिकट मजकूर म्हणजे लेबल नव्हे. टाइप करताच तो गायब होतो. चूक नुसत्या लाल चौकटीने दाखवू नका, शब्दांत लिहा. चित्रातल्या कॅप्चाऐवजी ओटीपी ठेवा.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ हवा. पांढऱ्यावरचा #७७७७७७ हा करडा ४.४८ वर अडकतो, म्हणजे नापास. सरकती सूचनापट्टी थांबवता आली पाहिजे; खरं तर काढूनच टाका.

शेवटी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (फुकट आहे) लावा, मॉनिटर बंद करा, एच दाबत मथळे आणि टी दाबत तक्ता गाठा. पुढच्या निविदेत ‘आयएस १७८०२’ (सुगम्यतेचं भारतीय मानक) आणि ‘डब्ल्यूसीएजी २.१, एए पातळी’ (वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष) असं नाव घेऊन लिहा. ‘दिव्यांगस्नेही’ एवढंच लिहिलंत, तर ठेकेदार पुन्हा तेच विजेट लावून बिल काढेल.