‘साठी’ हा शब्द जपून वापर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. ऑक्टोबरातल्या वन्यजीव सप्ताहात आपल्याच शाळेतल्या चौथी-पाचवीच्या पोरांपुढे, प्राणी आपापल्या परिसराशी कसे जुळतात यावर बोलायला तुला बोलावलं, हे वाचून बरं वाटलं. त्याच पडवीत तू माझ्यापुढे बसायचीस. यादी मात्र मला पटली नाही. पेंग्विन, ध्रुवीय अस्वल, उंट. उंटाच्या मदारीत पाणी नसून चरबी असते, एवढं समजावण्यात तुझा अर्धा तास जाईल आणि उरलेल्या अर्ध्या तासात पोट्टे खिडकीबाहेर बघतील. ज्या प्राण्याला त्यांनी कधी दगड मारला नाही, त्याचं त्यांना कशाला अगत्य?

सुरुवात वाघापासून कर. आपल्या तालुक्यात मेळघाटाचं नाव न ऐकलेलं पोरगं नाही. मला एकदा चौथीतल्या एकाने विचारलं होतं, "वाघ त नारंगी असते न सर, मंग हरनाले दिसत काहून नाही?" मी पट्ट्यांबद्दल काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर मला फार नंतर वाचायला मिळालं. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, चितळ-सांबराच्या डोळ्यांत दोनच. त्यांना केशरी आणि हिरवा हे रंग वेगळे काढता येत नाहीत. आपल्याला भडक दिसणारा वाघ चितळाला गवतातलं गवत दिसतो, आणि उभे पट्टे त्याची आकृती मोडून टाकतात. मग वाघ हिरवाच का नाही झाला? कारण सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्यं मुळात दोनच, एक काळं-तपकिरी आणि एक पिवळं-तांबूस. हिरवा रंग त्यांच्या डब्यातच नाही.

आता पोरांना वानराची आठवण दे. आपल्या बागा फस्त करणारं काळ्या तोंडाचं वानर. त्याला आपल्यासारखेच तीन रंग दिसतात, म्हणून पिकलेलं संत्रं त्याला पानांत लांबून कळतं. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या त्या वानराला केशरी वाघही केशरीच दिसतो. जंगलात चितळं वानरांच्या झाडाखाली चरताना दिसतात. वरून पडलेला पाला खायला मिळतो आणि वानर खाकरलं की शेपट्या वर होतात. इथे थोडं थांब. पोरांना आपापसात बोलू दे.

आता मुद्द्याचं. ‘साठी’ हा शब्द जपून वापर. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते वयाबद्दल, आणि माझी तर साठी उलटून आठ वर्षं झाली. पण मी बोलतोय तो शब्द वेगळा. ‘लपण्यासाठी वाघाने पट्टे आणले’, ‘वाचण्यासाठी किड्याने रंग बदलला’, असं आपण सहज बोलतो, आणि पोराला वाटतं की वाघाने एक दिवस बसून विचार केला. कोणी काही ठरवलेलं नसतं. पिल्लं थोडी थोडी वेगळी निघतात. ज्यांचा वेगळेपणा कामी आला ती जगली, त्यांना पिल्लं झाली, आणि तो वेगळेपणा पुढे गेला. बाकीच्यांची गोष्ट सांगायला कोणी उरलं नाही.

या ‘साठी’ने माझी एकदा चांगली जिरवली आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी वर्गात ठणकावून सांगितलं, की तो गोल डोळ्यांचा, झाडावर डुलत चालणारा सरडा, शॅमेलिऑन, लपण्यासाठी ज्यावर बसेल तो रंग घेतो. दुसऱ्या दिवशी एक पोरगा काठीवर तसा सरडा घेऊन हजर. त्याने तो माझ्या टेबलावरच्या लाल रुमालावर ठेवला. सगळा वर्ग श्वास रोखून बघतोय, आणि सरडा लाल होण्याऐवजी काळाकुट्ट झाला, वर तोंड वासून माझ्यावरच फुसकारला. पोरगा म्हणाला, "सर, याले तुमचा धडा येत नाही." या सरड्यांचा रंग पालटतो तो मुख्यतः रागाने, भीतीने, ऊन-थंडीने, जोडीदार दिसल्यावर. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीत दाखवून दिलं, की कातडीतल्या बारीक स्फटिकांमधलं अंतर कमी-जास्त होतं आणि तसा परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. तू मात्र सरडा पकडून नेऊ नकोस. आज तो गुन्हा आहे, आणि त्याचेही हाल होतात.

ऑक्टोबरात दाखवता येईल अशी चीज संत्र्याच्या बागेत आहे. नवती फुटली असेल तिथे कोवळी पानं उलटून बघ. पाखराची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर काडीने हळूच डिवच. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहान असते तोवर तपकिरी-पांढरी, हुबेहूब शीट. मोठी झाली की एकदम पानासारखी हिरवी. डिवचलं की डोक्यामागून केशरी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुंग्या त्या वासाने मागे सरतात. मोठेपणी ती शीटच का राहत नाही, असं मी एकदा वर्गात विचारलं, तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "एवढी मोठी शीट कोणत्या पाखराची असते सर?" यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पोरांचे बाप ही अळी दिसली की चिरडतात, आणि ते बरोबरच करतात. लहान कलमाची पानं ती चार दिवसांत संपवते. ‘बिचारी अळी’ म्हणायला जाऊ नकोस.

टिटवीची अंडी या दिवसांत मिळायची नाहीत, तिची गोष्ट नुसती सांग. मातीच्या ढेकळांसारखी ठिपकेदार अंडी, उघड्या वावरात, वैशाखातल्या पंचेचाळीस अंशांत. कोंबडी ऊब द्यायला बसते, टिटवी सावली द्यायला. जवळ डबकं असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, हे आजोबांनी सांगितलेलं पोरं सांगतीलच. हसू नकोस. किती वर्षं मोजलं, एवढंच विचार.

आणि शेवटी बोंडअळी, कपाशीची बोंडं आतून खाणारी ती गुलाबी अळी. तुझ्या यादीत ती नाही याचं मला नवल वाटलं, कारण तुझ्या बाबांच्या कपाशीचं २०१७ साली काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. अळीला मारणारं विष झाडातच तयार होतं, फवारणी कमी झाली, सगळे खूष. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. लाखो गुलाबी अळ्या मेल्या, पण त्यातल्या काही थोड्या त्या विषाला जन्मतःच दाद देत नव्हत्या. त्या उरल्या, त्यांचीच वीण वाढली. अळीने काही शिकून घेतलं नाही की हिंमत धरली नाही. आपणच चाळणी लावली आणि चाळणीवर राहिलं ते पेरलं.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी यायची, आठवते? ती बांधाच्या कडेने लावायची होती. तिच्यावर साध्या अळ्या जगाव्या, त्यांच्या पतंगांनी उरलेल्या टणक पतंगांशी जोड्या लावाव्या, आणि टणकपणा पातळ व्हावा, हा हिशेब. आपल्या गावात किती जणांनी लावली? मीही नाही लावली. त्या जागी तूर लावली, आणि ती पुडी बरेच दिवस कोनाड्यात पडून होती. वर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, मार्चपर्यंत उभी ठेवली, म्हणजे अळीला जेवण चालूच. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. फरदड मोडली असती तर तिची उपासमार झाली असती. पोरांना डोमकळी दाखव, न उमललेलं, गुलाबकळीसारखं आवळलेलं फूल. ते उघडून आत बघायला लाव. वरून धडधाकट दिसणारं बोंडही फोडायला लाव. आत राहणाऱ्या अळीपर्यंत ना फवारा पोचतो ना पाखराची चोच, हे मग तुला सांगावं लागणार नाही.

एक खेळ घे. शाळेमागच्या काळ्या मातीत पन्नास दाणे ज्वारीचे आणि पन्नास उडदाचे विखुर. पाच पोरांना पाखरं कर, अर्ध्या मिनिटात दिसेल तो दाणा उचलायचा. मग मातीत उरलेले मोज आणि प्रत्येक उरलेल्या दाण्यामागे त्याच जातीचा एक दाणा टाक. तीन फेऱ्यांत ज्वारी विरळ होईल आणि उडीद माजेल. उडदाने काय केलं, असं विचार. कोणीतरी म्हणेल, ‘लपण्यासाठी काळा झाला.’ त्याला परत मातीत उकिडवं बसव आणि चौथी फेरी घे.

दाणे घरून ने. शाळेच्या पोषण आहारातले मागितलेस तर स्वयंपाकाच्या मावशी तुला आणि मला दोघांनाही सोडायच्या नाहीत.

तुझा,
सर