आमदाराची निवडणूक-कुंडली मांडताना

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांवर लिहायला घेतलंस हे फार चांगलं केलंस. शेतकरी कामगार पक्षासारख्या (शेकाप) लहान होत गेलेल्या पक्षाचा, दुष्काळी तालुक्यातला माणूस अकरा वेळा विधानसभेत जातो, हे नीट लिहिलं गेलंच पाहिजे. पण तुझं पहिलंच वाक्य दुरुस्त करावं लागेल: ‘सलग अकरा वेळा निवडून येऊन त्यांनी देशात विक्रम केला.’ त्यातला ‘अकरा’ खरा, ‘सलग’ चूक आणि ‘देशात’ही चूक. अशा वाक्यांनीच आमदारांची चरित्रं बिघडतात. कार्यकर्त्याने भाषणात म्हटलेलं बातमीत येतं, बातमीतलं श्रद्धांजलीच्या लेखात जातं, आणि पुढचा लिहिणारा तेच पुरावा म्हणून वापरतो.

म्हणून लिहायच्या आधी तक्ता कर. कागद आडवा धर आणि लढवलेल्या प्रत्येक निवडणुकीला एक ओळ दे, जिंकलेलीला आणि हरलेलीलाही. रकाने असे पाड: वर्ष, सार्वत्रिक की पोटनिवडणूक, मतदारसंघाचा क्रमांक, पक्ष, चिन्ह, एकूण मतदार, झालेलं मतदान, बाद मतं, उमेदवाराची मतं, दुसऱ्या क्रमांकाचं नाव, पक्ष आणि मतं, आणि शेवटी फरक. गणपतरावांच्या तक्त्यात तेरा ओळी भरतात. विजय १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. पराभव १९७२ आणि १९९५. म्हणजे सलग विजयांचे तीन तुकडे पडतात: आधी दोन, मग पाच, मग चार. ‘सलग अकरा’पेक्षा हे दोन, पाच, चार मला कितीतरी मोलाचं वाटतं. सलग जिंकणाऱ्याला लाट, पैसा किंवा घराणं तारू शकतं. हरल्यावर त्याच तालुक्यात, त्याच पक्षातून परत निवडून येणं, आणि तेही दोनदा, याची कारणं वेगळी असतात. तुझा लेख त्या दोन पराभवांभोवती उभा राहायला हवा.

१९७४ ची ओळ जपून भर. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल १९५१-५२ पासूनचे मिळतात, पण विधानसभेचा प्रत्येक अहवाल त्या त्या सार्वत्रिक निवडणुकीचा असतो. पोटनिवडणूक त्यात येत नाही. नुसते ते अहवाल चाळून मोजलंस तर गणपतरावांचे विजय दहाच भरतील, आणि तुला वाटेल की अकरा हा आकडा फुगवलेला आहे. तो फुगवलेला नाही. उरलेला एक विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीचा आहे. तो शोधायच्या जागा तीन: विधिमंडळ सचिवालयाच्या सदस्य-सूच्या, शासनाचं राजपत्र, आणि सोलापुरातल्या त्या महिन्यांतल्या वर्तमानपत्रांच्या फायली. राजपत्रातली अधिसूचना मिळाली तर विजयाच्या पुराव्यासाठी बाकी दोन्हींची गरज उरत नाही.

उलट गफलतही होते. १९७२ ची विधानसभा आणीबाणीमुळे लांबली आणि पुढची निवडणूक थेट १९७८ ला झाली. १९८० ची निवडणूक मात्र दोनच वर्षांत आली, कारण फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. ‘दर पाच वर्षांनी एक’ असं धरून कार्यकाळ मोजलास तर उत्तर चुकतं. खुर्चीवरची वर्षं मोज: १९६२ ते १९७२ दहा, १९७४ ते १९९५ सुमारे एकवीस (त्यातून १९८० मधले विधानसभा नसतानाचे काही महिने वजा), आणि १९९९ ते २०१९ वीस. बेरीज पन्नासच्या आसपास येते. ‘पंचावन्न वर्षं आमदार’ असं कुठे वाचलंस तर त्यात मधली विनाआमदारकीची वर्षंही मोजलेली आहेत असं समज.

आता ‘देशात विक्रम’. २०१४ च्या निकालानंतर तमिळनाडूच्या करुणानिधींचा विक्रम मोडल्याचं बरंच छापून आलं. करुणानिधी १९५७ पासून लढत होते आणि २०११ पर्यंत बारा वेळा जिंकले होते; २०१६ ला तेरावी जिंकली, आणि विधानसभेची एकही निवडणूक हरले नाहीत. ‘एकाच मतदारसंघातून सर्वाधिक’ असा आधार घेशील तर केरळात के. एम. मणी आहेत: पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ तेरा विजय, त्यातली १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही. तेव्हा महाराष्ट्रापुरतं लिही. एकाच पक्षातून, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. एवढं खरं विधान पुरेसं आहे. त्याला देशाचा मुकुट चढवायला गेलीस तर एखादा जाणकार वाचक तोच धागा ओढेल आणि बाकीच्या खऱ्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडेल.

यापुढचं काम अधिक कष्टाचं आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात. ‘सांगोला’ हे नाव १९६२ पासून तेच आहे, पण नकाशा तोच नाही. राज्यातल्या जागा १९६२ ला २६४ होत्या, १९६७ ला २७०, १९७८ ला २८८. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जागा २८८ च राहिल्या, पण हद्दी सरकल्या. आज सांगोला हा २५३ क्रमांकाचा मतदारसंघ आहे, त्यात पंढरपूर तालुक्याचाही काही भाग आहे, आणि लोकसभेला तो माढ्यात मोडतो. माढा लोकसभा मतदारसंघच मुळात २००९ पासूनचा. म्हणून १९९० ची मतं आणि २००९ ची मतं शेजारी ठेवून ‘मतं वाढली’ असं लिहू नकोस. मतदार वाढलेले असतात, गावं बदललेली असतात. तुलना करायची तर एका नकाशाच्या आत कर. १९७८ ते २००४ या सात निवडणुका एकाच रचनेवर झाल्या. नेमका १९९५ चा पराभव या पट्ट्याच्या मध्ये येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विजय आहेत. अभ्यासाला याहून चांगला तुकडा मिळणार नाही.

१९९५ ला शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना हरवलं ते १९२ मतांनी. एवढ्या फरकाला ‘जनतेनं नाकारलं’ असं म्हणू नये आणि ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून सोडूनही देऊ नये. आधी अहवालातला बाद मतांचा रकाना बघ. तेव्हा मतपत्रिका होत्या. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला, दोन ठिकाणी मारला, की मत बाद. बाद मतं फरकापेक्षा जास्त असली तर तसं एका वाक्यात लिही, पण त्यातली कुणाची किती होती यावर अंदाज बांधू नकोस. मग तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे उमेदवार बघ: मागच्या खेपेला ते होते का, कोणत्या पक्षाचे, किती मतं. लहान फरकाच्या लढतीत निकाल तिथे फिरलेला असतो. मतांची टक्केवारी काढताना वैध मतांवर काढ, झालेल्या मतदानावर नको, आणि जी रीत धरशील ती तेराही ओळींना सारखी लाव. २०१४ पासून ‘नोटा’चा रकाना आला, तो वैध मतांत धरत नाहीत. अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, त्याच्याही हिशोबात नोटा येत नाही.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे नमुना २०. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे मिळतात. २०१४ ला गणपतराव पंचवीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. २०१९ ला ते वयामुळे उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख लढले, दोघांनाही लाखाच्या आसपास मतं पडली आणि शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकले. एवढं मताधिक्य पाच वर्षांत कुठल्या गावांतून गेलं, हे हे दोन कागदच सांगतील. पण केंद्रांचे क्रमांक जुळवू नकोस. मतदार वाढले की यादीचा भाग फुटतो, मधे नवं केंद्र येतं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. गावाच्या आणि शाळेच्या नावावरून जुळव, एका गावाची सगळी केंद्रं एकत्र कर, आणि तुलना गाव ते गाव कर. टपाली मतं तळाशी वेगळी असतात, ती कुठल्याही गावात टाकू नकोस. दोन दिवस लागतील. तुझ्या लेखात दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काही असेल, तर ते यातूनच निघेल.

जालावर शोधताना एक अडचण येईल. शहाजीबापूंचं नाव टाकलंस की जून २०२२ मधलं गुवाहाटीतलं ‘काय झाडी, काय डोंगर’चं फोनवरचं संभाषणच पानंच्या पानं येतं, आणि १९९५ खाली गाडलं जातं. तो माणूस अनेक वर्षं या तालुक्यात गणपतरावांसमोर उभा होता; एका फोनवरून त्याला मोजू नकोस. २०२४ ला शेकापच्या बाबासाहेब देशमुखांनी, म्हणजे दुसऱ्या नातवाने, त्यांना हरवून जागा परत घेतली, हेही याच साखळीतलं. पण तुझ्या तेरा ओळींत ते नको. खाली रेघ मारून वेगळं लिही.

उमेदवाराची शपथपत्रं २००४ पासूनच्या विधानसभा निवडणुकांची मिळतील, त्याआधीची शोधत बसू नकोस. ती बंधनकारक झाली तीच २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. मालमत्तेची तुलना करताना जमिनीची किंमत खरेदीची लिहिली आहे की चालू बाजारभावाची, हे आधी बघ. गुन्ह्यांच्या रकान्यात आंदोलनातली कलमं आणि बाकीची कलमं वेगळी काढ. शेकापच्या माणसाच्या नावावर मोर्चा-रास्ता रोकोचे खटले असणं आणि फसवणुकीचा खटला असणं यांची नुसती बेरीज करणं हा अन्याय आहे.

आता कामाबद्दल. इथे तुझा मसुदा सगळ्यात सैल आहे. ‘रोजगार हमी त्यांनी आणली, टेंभू-म्हैसाळचं पाणी त्यांनी आणलं.’ रोजगार हमीची कल्पना तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तेव्हा गणपतराव पुलोद मंत्रिमंडळात होते, आणि पुढे १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही मंत्री होते. ‘मंत्री असताना अंमल सुरू झाला’ आणि ‘त्यांनी आणली’ यांत फार अंतर आहे. टेंभू-म्हैसाळसारख्या पाण्याच्या उपसा योजनेला तर निदान तीन तारखा असतात: मूळ प्रशासकीय मान्यता, सुधारित मान्यता, आणि शेतात प्रत्यक्ष पाणी आल्याचा दिवस. तिन्हींच्या मधे दशकं जातात. प्रत्येक तारखेला विधानसभेत कोण होतं, त्याने काय विचारलं, हे विधिमंडळाच्या कार्यवाहीत शोध. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरची भाषणं, सगळं छापलेलं असतं. विरोधी बाकावरच्या आमदाराचं काम तिथेच सापडतं, कारण उद्घाटनाच्या पाटीवर त्याचं नाव क्वचित असतं. एकच विषय धर, सांगोल्याचं पाणी, आणि त्यावर त्यांनी १९६२ ते २०१९ मध्ये किती वेळा, कोणत्या शब्दांत विचारलं ते काढ. उत्तर देणारे मंत्री बदलत जातात आणि प्रश्न तोच राहतो, हे वाचकाला तारखांसकट दाखवलंस तर ‘लढवय्या’ हा शब्द वापरावा लागणार नाही.

एक लहान गोष्ट. नाव आयोगाच्या कागदांत ‘देशमुख गणपतराव अण्णासाहेब’ अशा उलट क्रमानं आणि वेगवेगळ्या इंग्रजी वर्णलेखनात येतं. शोधताना तिन्ही-चारही रूपं टाक. लोक त्यांना आबासाहेब म्हणत, पण लेखात ते एकदाच सांग. एरवी पूर्ण नाव वापर, नाहीतर वाचणाऱ्याला तू त्यांच्या पक्षाची वाटशील. आणि ३० जुलै २०२१ नंतरचे श्रद्धांजलीचे लेख संदर्भाला घेऊ नकोस. त्यांतल्या भावना खऱ्या आहेत, आकडे एकमेकांवरून उतरवलेले आहेत.

लेख इतक्यात नको पाठवूस, आधी तक्ता पाठव. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठल्या कागदातून घेतला ते पेन्सिलीनं लिही. १९७४ च्या ओळीत मतं मिळाली नाहीत तर ती रिकामी ठेव, अंदाजानं भरू नकोस. राजपत्राच्या फायली मुंबईत कुठल्या ग्रंथालयात बघायच्या ते मग ठरवू.

कळावे.